धुमसोबाचं हुश्श

एक होता डोंगर. राजा नाही, डोंगरच. राजे काल झाले. मन्या, गोधडी तोंडावरून काढ आधी, ऐकू कसं येणार तुला?

तर या डोंगराच्या पोटात विस्तव होता, बरं का. खराखुरा! शेंड्यावर लाल उजेड दिसायचा आणि अधूनमधून राख भुरभुरायची. लोक त्याला धुमसोबा म्हणायचे. घाबरायचे का? छे! पायथ्याला तीन वाड्या सुखानं नांदत होत्या. माळवाडीचे कांदे त्या राखेच्या मातीत एवढाले व्हायचे. धनगरवाडीची कोकरं उबदार जमिनीवर लोळायची. आणि कुंभारवाडी मडकी घडवायची. स्वयंपाक मात्र सगळ्यांचा धुमसोबाच करायचा! घरोघरी जमिनीला एक भोक होतं, त्यातून गरम वाफ यायची. वर मडकं ठेवलं की भात तयार. ना लाकूड, ना फुंकणी.

मग काय झालं, येसबा कुंभाराच्या घरी सून आली. तिचं नाव हौसा. भारी चौकस पोरगी. काही दिसलं की विचारलंच, "हे असं का?" सासू म्हणायची, "अगं बाई, आधी दोन घास खा, मग विचार."

त्याच सुमाराला येसबानं नवी मडकी घडवली. भोकावर गच्च बसणारी. वर कडेनं ओल्या मातीचा लेप. वाफ जराही वाया जायला नको! तिन्ही वाड्यांत वाहवा झाली. घरोघरी तीच मडकी बसली, ती उतरवायचीच नाहीत. एक शिजलं की दुसरं.

आणि धुमसोबा गुरगुरायला लागला. आधी हळू. मग घरातली भांडी खडखडायला लागली. मग राखेबरोबर तापलेले खडे पडायला लागले.

धनगर म्हणाले, भुकेलाय. त्यांनी दूध वाहिलं. गुरगुर थांबेना. माळी म्हणाले, गोडधोड हवंय. त्यांनी पुरणपोळ्या वाहिल्या. तर गुरगुर वाढलीच! मग पाटील म्हणाला, "येसबाची सून आली नि हे सुरू झालं. पांढऱ्या पायाची आहे. उद्या हिला माहेरी धाडा."

असं बोलतात का कुणी? मला तर अस्सा राग येतो त्या मेल्याचा! हौसाला ते घर आवडलं होतं, सासू आवडली होती, धुमसोबासुद्धा आवडला होता. खूप रडली बिचारी. पण रडता रडताही डोक्यात एकच, हा आत्ताच का चिडला?

सकाळी सासूनं डोळे पुसत सुनेच्या शिदोरीसाठी भात लावला. झाकण हलू नये म्हणून वर वरवंटा ठेवला. मग भात लागला गुरगुरायला. झाकण लागलं खडखडायला. आणि फट्! वरवंटा कोपऱ्यात, भात आढ्याला, आणि एक शीत सासूच्या नाकावर. हसा, हसा. हौसा नाही हसली. तिनं चटकन जमिनीला कान लावला. आत तश्शीच गुरगुर, तश्शीच खडखड.

"आत्याबाई, याला भूक नाही लागली! आपण याचं तोंड दाबलंय!"

तिनं लेप खरवडला आणि मडकं उचललं. सूंऽऽऽ करून वाफ वर गेली. पायाखालची थरथर जराशी कमी झाली.

मग ती अंगणात धावली. तिथं तिला माहेरी धाडायला पाटील नि सगळे लोक जमले होते. "मडकी उतरवा! सगळी उतरवा!" पण ऐकतंय कोण? पाटील गरजला, "आम्हाला उपाशी मारतेस काय?" सगळे येसबाकडे बघायला लागले. मडकी त्याची, नाव त्याचं. येसबा घरात गेला, वाफेवर हात धरून बघितला, बाहेर आला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "माझ्या मडक्यांनी त्याचा श्वास कोंडला. माझी सून कुठं जायची नाही."

आणि स्वतःच शेजारच्या घरातला लेप खरवडायला बसला. मग कुंभार लागले, माळी लागले, धनगर लागले. घराघरातून वाफ वर निघाली. शेवटी राहिलं पाटलाचं मडकं. तो काही देईना! मग हौसाची सासू पदर खोचून आत शिरली आणि तिनंच ते उचललं.

तेव्हा धुमसोबानं केलं हुऽऽऽश्श! एवढं मोठं, की पाटलाचं वाळत घातलेलं धोतर उडालं ते थेट धनगरवाडीत, एका बोकडाच्या शिंगांवर! शेंडा निवला. खडे थांबले. नुसती राख भुरभुरत राहिली, नेहमीसारखी.

तेव्हापासून येसबा मडक्याच्या बुडाला खाचा ठेवायचा, वाफेला वाट म्हणून. जेवणं झाली की तिन्ही वाड्यांत मडकी उतरवून पालथी घालायचे. आणि एखाद्या दिवशी हौसा गप्प बसली, तर सासूलाच काळजी वाटायची. "अगं, बरी आहेस ना? सकाळपासून काही विचारलं नाहीस ते!"

अशी सगळी सुखानं राहिली, पोटभर जेवली आणि गाढ झोपली. तुम्हीही झोपा आता. आणि मन्या, पुन्हा घेतलीस ना गोधडी डोक्यावरून? नाक उघडं ठेव बघू. एवढ्या मोठ्या डोंगराला कोंडलेलं चाललं नाही, तुला कसं चालेल?