काटेरी झुडपांवरची लोकर

फार जुन्या काळी, बर्फाच्या डोंगरात एक नवरा-बायको शेळ्या राखत. थंडी पडली की त्या शेळ्यांच्या राठ केसांखाली मऊ लोकर येई. तिच्या शाली थेट राजवाड्यात जात.

तिथला एक रिवाज होता. ऊन तापू लागलं की लोकर आपोआप सुटे आणि तिचे पुंजके काटेरी झुडपांना अडकत. ते दिसल्याशिवाय कुणी लोकर विंचरायला फणी हातात घेत नसे.

एका वर्षी ऐन थंडीत राजाला मुलगा झाला. बारशाला पहिली शाल आणेल त्याला मानाचं पागोटं, अशी दवंडी पिटली गेली. नवऱ्याला धीर धरवेना. लोकर फणीला सुटेना, तेव्हा त्याने कात्री काढली.

बायको म्हणाली, "अहो, स्वतः दोन घोंगड्या पांघरून बसलात आणि गाभण शेळीला उघडी करता?"

"चारा जास्त घालीन तिला. राजपुत्राच्या अंगावर आपली शाल, विचार तर कर."

मान बायकोलाही हवाच होता. शाल तिनेच विणली.

नवरा पागोटं बांधून परतला. साऱ्या वस्तीने कौतुक केलं. मग ती गाभण पांढरी शेळी व्याली. दोन करडं झाली. गव्हाणीत चारा भरपूर होता, पण कास रिकामी. करडं ढुशा देत, लुचत आणि थकून मान टाकत.

नवरा चिडून म्हणाला, "एवढं खातेस, मग दूध जातं कुठे?"

शेळी म्हणाली, "धनी, खाते ते सगळं अंग गरम ठेवण्यात जातं. अंगावर लोकर होती, तेव्हा त्याचं दूध व्हायचं."

नवऱ्याने दोन्ही घोंगड्या शेळीवर टाकल्या. करडं थरथरत होती. बायको म्हणाली, शाल परत मागून आणा. तो धावत राजवाड्यात गेला.

दासी हसली. "ती शाल होय? पेटीत पडलीय. बाळाला उकडत होतं, म्हणून लगेच काढली."

शाल घेऊन तो परतला, तेव्हा बायको कुंपणाजवळ करडांसाठी खड्डा खणत होती. शाल दोन्ही करडांना पुरली.

पुढे ऊन तापलं. साऱ्या डोंगरावर झुडपं लोकरीने पांढरी झाली. त्यांच्या दारातली तेवढी काळीच राहिली. पांढरी शेळी तिथे उभी राहून करडांना हाका मारत असे.

आईची ऊब हिरावून मिळवलेल्या मानाने तिच्या पिल्लांची भूक भागत नाही.