रिकाम्या घराची ओ

एका गावात एक पाटील होता. त्याला नव्याची भारी हौस. शेजारगावात कुणी काही नवं केलं की याच्या पोटात दुखायला लागायचं. तिकडे एकाने घरावर पत्रे घातले, तर पाटलाने आपलं मातीच्या धाब्याचं घर पाडलं आणि नव्या घरावर त्याहून चकचकीत पत्रे चढवले. घर लांबून आरशासारखं चमकायचं. आत मात्र उन्हाळ्यात माणूस पापडासारखा भाजून निघायचा. पाटलाची दुपारची झोप उडाली ती उडालीच. पण सांगतो कुणाला? हौसेला मोल नाही, असं म्हणत गुपचूप घाम पुसायचा.

गावाच्या मधोमध रंगाऱ्याचं जुनं घर होतं. जाडजूड मातीच्या भिंती, कोरीव खांब, वर धाबं. रंगारी शहरात गेले ते तिकडचेच झाले. घर तसंच उभं होतं. इकडे पाटलाच्या व्याह्यांनी आपल्या गावात मोठी कमान उभारली आणि पाटलाचा डोळा या जागेवर गेला. व्याही अक्षय तृतीयेला यायचे होते. "तोवर इथे कमान उभी केली नाही, तर पाटील नाव लावणार नाही!" असं तो भर चावडीत बोलून बसला.

पण गावाची एक रीत होती. रिकामं घर पाडायचं, तर मुकादमाने भर दुपारी सगळ्यांसमक्ष दारात उभं राहून तीनदा हाक द्यायची, "आत कुणी आहे का?" आतून ओ आली की कुदळ खाली. त्या दिवशी भिंतीला हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी मुकादमाने हाक दिली. आतून ओ आली. धाब्यावर कुरडया वाळत घालून सावलीला टेकलेली सगुणाकाकू बाहेर आली. "माझ्या कुरडया अजून ओल्या आहेत. उद्या या," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एकदम दोन ओ आल्या. बांधावरून भांडण होऊन वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे चुलतभाऊ आत सोंगट्या खेळत बसले होते! लोक बघतच राहिले. दोघे बाहेर येताच पुन्हा एकमेकांकडे पाठ करून चालते झाले.

तिसऱ्या दिवशी ओ आली नाही, सनई वाजली. गावातला एक जावई सनई शिकत होता आणि सासरच्यांनी त्याला वाद्यासकट घराबाहेर काढलं होतं. ही ओ धरायची की नाही, यावर बरीच हुज्जत झाली. शेवटी जाणते म्हणाले, "आवाज आतून आला ना? मग धरायची."

पाटलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या मी स्वतः जातो. बघतो कोण ओ देतं ते!"

चौथ्या दिवशी त्याने एकेकाला हुसकून बाहेर काढलं. कुणी राहिलं तर नाही ना, म्हणून शेवटी तो माजघरात शिरला. आणि काय सांगू, बाहेर रखरखीत ऊन, पण माजघर असं गार, जसं काही नुकतंच कुणी माठातलं पाणी शिंपडलंय! कोपऱ्यात सगुणाकाकूची चटई होती. "जरा टेकतो," म्हणाला पाटील. टेकला आणि घोरायला लागला.

बाहेर मुकादम आला. त्याने पहिली हाक दिली, दुसरी दिली. सगुणाकाकू पदर तोंडाला लावून म्हणाली, "तिसरी जरा मोठ्यानं द्या हो. झोप गाढ असते काहींची."

तिसऱ्या हाकेला पाटील दचकून उठला. झाली का पंचाईत! ओ द्यावी तर साऱ्या गावात शोभा, न द्यावी तर धाबं डोक्यावर. तो दात आवळून गप्प बसला. तेवढ्यात कुदळ भिंतीवर पडली. वरून भसकन माती आली ती थेट पाटलाच्या नाकावर.

"ओ! ओ! अरे ओ म्हणतोय ना!"

पाटील बाहेर आला. पागोट्यावर माती, गालावर चटईचे वळ. गावाने हसू गिळायचा फार प्रयत्न केला, पण गिळलं काही गेलं नाही. पाटलीणबाईंनी मात्र त्याच्याकडे निरखून पाहिलं. "अहो, आज झोप लागलेली दिसते."

पाटलाचा राग कुठल्या कुठे गेला. "लागली गं. पत्र्याखाली जीव शिजतोय माझा. आपलं जुनं घर पाडलं तेव्हा कुणाला विचारायची बुद्धी झाली नाही. ते गेलं ते गेलंच. हे तरी राहू दे."

कमानीसाठी आणलेल्या सागाच्या तुळया रंगाऱ्याच्या घराला लागल्या. धाब्यावर नवी माती पडली. सणाला व्याही आले आणि पहिलाच प्रश्न, "कमान कुठंय?"

"आधी जेवा तर खरं," पाटील म्हणाला. पुरणपोळी, वर आमरस, असं साग्रसंगीत जेवण झाल्यावर त्याने व्याह्यांना त्याच माजघरात नेलं. "जरा टेका. मग दाखवतो."

व्याही उठले ते दिवेलागणीला. डोळे चोळत म्हणाले, "पाटील, आमच्या कमानीखाली अजून एकाला डुलकी लागली नाही हो."

तात्पर्य: मालक गेला म्हणजे घर रिकामं झालं, असं धरून चालू नये. पाडण्याआधी हाक द्यावी आणि तिसरी हाक जरा मोठ्यानेच द्यावी. न जाणो, आत आपणच झोपलेले असायचो.