उसना दांडू

फार पूर्वी, एका डोंगराच्या कुशीत दोन गावं वसली होती. एक वरचं, एक खालचं. नावं होती हो त्यांना, पण सगळे वरचं-खालचंच म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. दोन्हींच्या मधोमध एक कुरण होतं. गवत असं, की आत शिरलेली गाय नुसत्या शिंगांवरून ओळखावी. आता कुणालाही वाटेल, की या कुरणावरून दोन्ही गावांत रोज डोकी फुटत असतील. छे! जुन्या शहाण्या माणसांनी तो प्रश्नच मिटवून टाकला होता. सुगी संपली, शेतं मोकळी झाली, की विटी-दांडूचा डाव मांडायचा. जिंकेल त्या गावाची गुरं वर्षभर कुरणात. हरेल त्याने आपली गुरं पलीकडच्या खडकाळ उतारावर न्यायची, आणि तोंड वाकडं करायचं नाही.

डाव मोजायची त्यांची तऱ्हाही ऐकण्यासारखी. टोला मारला की विटी जिथे पडेल तिथपर्यंतचं अंतर मारणाऱ्याने स्वतःच्याच दांडूने, स्वतःच्याच हाताने मोजायचं. जितके दांडू भरतील तितके गुण. कुणी म्हणेल, मग मी चांगला माणूसभर लांब दांडू आणतो! आण बाबा. टोला जाईल लांब, पण मोजताना दांडू भरतील कमी. आखूड आणलास तर भरतील जास्त, पण टोला जाईल कुठे? समोरच्या बांधापर्यंतसुद्धा नाही. एकीकडून हाव धरली की दुसरीकडून कान पिळला जायचा. या मोजणीवर लोकांचा इतका विश्वास, की कुणाचा दांडू हातात घेऊन तपासायची पद्धतच नव्हती. "मोजणी सगळं बघून घेते," असं म्हणायचे आणि निवांत तंबाखू मळत बसायचे. भोळीच म्हणायची माणसं, दुसरं काय!

वरच्या गावात येसबा नावाचा टोलेकरी होता. त्याच्यासारखा टोला पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. तो खेळायला लागल्यापासून कुरण वरच्या गावाकडेच होतं, इतकं की पोरांना वाटायचं ते आपल्याच आजोबांनी लावलंय. पण मनगट काही कुणाचं ताबेदार नसतं. त्या वर्षी येसबा माळावर सरावाला गेला तेव्हा एरवी जांभळीच्या झाडापलीकडे जाणारी विटी अलीकडेच पडायला लागली. आधी त्याने विटी बदलली. मग म्हणाला, वारं उलटं आहे. मग गुपचूप मनगटाला तेल चोळून बघितलं. विटी आपली जांभळीच्या अलीकडेच.

इकडे गावात जो तो त्याच्या भरवशावर. कुणी कुरणाच्या कुंपणाची आधीच डागडुजी करून ठेवलेली, कुणी दुधाच्या आशेने नवी म्हैस आणलेली. पाणवठ्यावरच्या बाया म्हणायच्या, "येसबा आहे तोवर काळजी कशाला?" हे ऐकलं की येसबा वाट बदलून जायचा. त्याच्या स्वतःच्या गोठ्यातही नुकतीच व्यालेली गाय होती. आणि खालच्या गावात म्हणे म्हाळू नावाचा एक जवान गडी तयार झाला होता, ज्याचा टोला पडलेला दिसतच नाही, शोधावा लागतो.

अशात येसबाचा मेहुणा पाहुणा म्हणून आला. हा शहरात कातारी होता. लाकडाची खेळणी कातायची, त्यांना लाखेचे रंग द्यायचे, हा त्याचा धंदा. हात असा, की लाकडाचा आंबा केला तर माशी बसावी. येसबाचं उतरलेलं तोंड बघून तो म्हणाला, "दाजी, एवढं मनाला काय लावून घेताय? दांडू मी करून देतो."

"बाभळीचा दांडू मलाही करता येतो, पाव्हणं."

"बाभळीचा नाही हो. दिसायला बाभळीचा."

आणि त्याने केला. आत हलकंफूल भेंड, भोवती वेळूच्या पातळ पट्ट्या, सगळं सरसाने चिकटवून वर आतड्याच्या तातीचा घट्ट वेढा, आणि त्यावर लाखेचा असा हात फिरवला, की बाभळीच्या गाठीसुद्धा जिथल्या तिथे. वर हा दांडू नेहमीपेक्षा चार बोटं आखूड, पण हलका आणि लवलवता, म्हणून सपकन फिरणारा. येसबाने माळावर नेऊन पहिला टोला हाणला, आणि विटी जांभळीवरून, तिच्या पलीकडच्या ओढ्यावरूनही गेली. येसबा बघतच राहिला. त्याला पंचविशीतलं मनगट परत मिळाल्यासारखं वाटलं.

म्हणजे बघा गंमत. आखूड असून लांब मारायचा, आणि आखूड म्हणून मोजताना जास्तही भरायचा. इकडून हाव, तिकडूनही हाव, आणि कान पिळणारं कुणीच नाही!

घरी आल्यावर त्याची बायको हौसा म्हणाली, "नवा केला होय दांडू? बघू तरी."

"हात लावू नको!" येसबा एकदम खेकसला.

"अगंबाई! जुन्या दांडूने मी कोंबड्या हाकलते, तेव्हा कधी चकार शब्द काढला नाहीत. याला काय सोनं लागलंय?"

येसबाने दांडू फडक्यात गुंडाळला आणि उंच फळीवर ठेवून दिला. त्या दिवशीचं जेवण काही त्याला गोड लागलं नाही.

डावाचा दिवस उजाडला. दोन्ही गावं झाडून शेतावर जमली. मधल्या देवळाचा गुरव हा दरवर्षीचा पंच. बाकीचे गडी खेळले, आणि दुपार कलली तेव्हा दोन्ही गावं अगदी बरोबरीत. आता उरला मुख्य टोलेकऱ्यांचा डाव. ज्याने त्याने आपापल्या दांडूने तीन टोले मारायचे. ज्याचे जास्त भरतील त्याच्या गावाचं कुरण.

पहिला येसबा. त्याने खळीवर आडव्या ठेवलेल्या विटीच्या टोकाला टिपलं, विटी उडाली, आणि टोला! वरच्या गावाने एकच आरोळी ठोकली. दुसरा त्याहून लांब. तिसरा तर बांधापलीकडच्या तुरीत गेला. येसबा दांडू टाकत पुढे, आणि मागोमाग गुरव आकडे मोजून मोजून घामाघूम झाला. इतके दांडू कधी कुणाचे भरले नव्हते. लोकांनी येसबाला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. येसबा हसत होता, पण दांडू काखेत घट्ट दाबून.

मग म्हाळू आला. सडसडीत पोरगा, हातात साधा बाभळीचा दांडू. पहिलाच टोला त्याने असा हाणला की वरच्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या टोल्याला मात्र काडकन आवाज झाला आणि दांडू उभा चिरला.

आता इथे त्या खोऱ्याची एक रीत सांगायला हवी. भर डावात एखाद्या टोलेकऱ्याचा दांडू मोडला, तर समोरच्या टोलेकऱ्याने आपला दांडू त्याला उसना द्यायचा. स्वतःच्या हाताने, आणि हसून. समोरच्याचा दांडू मोडला म्हणून कुणाला आनंद होऊ नये, यासाठी ही रीत. कित्येक वर्षांत तशी वेळ आली नव्हती. येसबा तर ती विसरूनच गेला होता.

"येसबा," गुरव म्हणाला, "दे बाबा दांडू."

येसबाच्या पायाखालची जमीन सरकली. दांडू दिला, तर हातात घेताच त्याचं वजन पोराला कळेल. आणि समजा नाही कळलं, तर या दांडूने हा गडी विटी पार घाटाखाली पोचवेल! न द्यावा, तर दोन्ही गावांत थुंकतील.

तेवढ्यात मेहुणा पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ सरकला आणि कानाशी कुजबुजला, "दाजी, घाबरू नका. माझ्या पिशवीत अगदी असाच दिसणारा दांडू आहे, खराखुरा बाभळीचा, त्याच्यावरूनच गाठी रंगवल्या होत्या. पंचाची पाठ वळली की बदलतो. तो द्या त्याला. कुणाच्या बापाला कळत नाही!"

येसबाचा जीव भांड्यात पडला. खरंच की! साधा दांडू द्यायचा, कुरण राहील, नाव राहील, गाय पोटभर चरेल. त्याने मान हलवली. गुरव चिरलेला दांडू बाजूला टाकायला वळला, मेहुण्याने लोकांकडे पाठ करून आडोसा केला, पिशवी उघडली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बाभळीचा दांडू येसबाच्या हातात आला. खोटा त्याने काखेतच धरला, उपरण्याखाली.

म्हाळू समोर येऊन उभा राहिला. त्याने आधी दोन्ही तळवे धोतराला पुसले, मग ओंजळ पुढे केली.

"येसबाकाका," तो म्हणाला, "लहानपणी मी बांधावर बसून तुमचे टोले बघायचो. आमच्या गावचे मला मारायचे, म्हणायचे हरतोय आपण आणि तू टाळ्या काय वाजवतोस! आज तुमच्या दांडूला हात लावायला मिळतोय. हरलो तरी चालेल बघा."

येसबाने त्याच्याकडे बघितलं. पोराच्या डोळ्यांत नुसता आनंद होता, संशयाचा लवलेश नाही. आणि आपण त्याला देतोय काय? आपला म्हणून दुसराच दांडू. येसबाला स्वतःची इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की कान तापले. इतक्या वर्षांत त्याने कित्येक डाव जिंकले होते, पण कुणाच्या नजरेला नजर देताना असं कधी झालं नव्हतं.

"हा घेऊ नको, पोरा," तो म्हणाला. "हा माझा नाही."

मग उपरण्याखालून त्याने तो दुसरा काढला आणि सरळ गुरवाच्या हातात ठेवला. "आणि हा माझा आहे, पण हा दांडू नाही. आत भेंड आहे, वेळू आहे, सरस आहे. मगाचे टोले याचे होते, माझे नव्हते. मनगट गेलंय माझं. पुसून टाका ते सगळे."

मेहुण्याने पिशवी उचलली आणि तो गर्दीत असा मिसळला, की पुढे कितीतरी वेळ कुणाला दिसला नाही. वरच्या गावातून मात्र एकेकाचा तोल सुटायला लागला. "अरे, गप्प बसला असतास तर!" एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, "आमच्या म्हशीचं काय?" येसबा मान खाली घालून उभा राहिला.

गुरवाने दांडू हातात तोलला, नखाने लाख खरवडली, आत डोकावून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "चूक आमचीही आहे," तो म्हणाला. "मोजणीवर विसंबलो आणि दांडू कधी बघितलाच नाही. आता असं करू. एकाचा दांडू मोडला, दुसऱ्याचा खोटा निघाला. शेताच्या कडेच्या बाभळीची फांदी तोडा, एकच दांडू करा, आणि दोघं त्याच एका दांडूने खेळा."

तसंच झालं. ओल्या लाकडाचा दांडू, जड आणि खरबरीत. येसबाने तीन टोले मारले. तिन्ही बेताचेच पडले, पण सरळ रेषेत, त्याच्या जुन्या झोकात. म्हाळूने तीन मारले, आणि तिन्ही त्याच्या पुढे गेले. कुरण खालच्या गावाचं झालं. म्हाळू धावत येऊन येसबाच्या पाया पडला, तेव्हा येसबाने त्याला उठवलं आणि पाठीवर अशी थाप मारली, की पोरगा दोन पावलं पुढे गेला.

घरी जाताना हौसा झपाझप पुढे चालत होती. येसबाला वाटलं, आता आपली धडगत नाही. अंगणात पोचल्यावर ती म्हणाली, "फडक्यात गुंडाळून ठेवलात ना, तेव्हाच मला शंका आली होती. हात धुऊन या, भाकरी टाकते." त्या संध्याकाळी येसबा पोटभर जेवला.

गाव रागावलं ते रागावलंच. मग येसबाने काय करावं? दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गावाची गुरं तो स्वतः खडकाळ उतारावर नेऊ लागला. दगडांच्या फटीतून कुठे हिरवं आहे, कुठल्या घळीत ओल टिकते, हे हुडकून हुडकून त्याने गुरं राखली. दूध थोडं कमी झालं, पण कुणाचं जनावर उपाशी राहिलं नाही. ज्याने नवी म्हैस आणली होती तो आधी दोन महिने बोलला नाही, मग एक दिवस स्वतःच ताक घेऊन उतारावर आला, आणि दोघं एका खडकावर बसून प्यायले. येसबा त्या वर्षी जितका हसला तितका जिंकतानासुद्धा हसला नव्हता.

पुढच्या सुगीनंतर खालच्या गावाची चार माणसं वरच्या गावात आली. पुढे म्हाळू होता. येसबा गोठा झाडत होता.

"गुरवकाका थकले," म्हाळू म्हणाला. "नव्या पंचाबद्दल आमच्या गावात बैठक झाली. काका, पंच तुम्ही व्हा."

"अरे, मी? वरच्या गावचा? शिवाय मी ते तसलं केलेलं..."

"म्हणून तर," म्हाळू म्हणाला. "स्वतःचे टोले ज्याने स्वतः पुसायला लावले, तो आमचे कशाला चोरेल?"

येसबाने केरसुणी भिंतीला टेकवली, उपरण्याने डोळे पुसले आणि आत ओरडून सांगितलं, "अगं हौसा, पाहुण्यांना गूळपाणी आण!"

तेव्हापासून त्या खोऱ्यात दोन्ही गावं एकाच दांडूने खेळतात. आणि डाव सुरू व्हायच्या आधी तो दांडू तपासायला पंच पहिल्यांदा गेल्या वर्षी हरलेल्या गावाच्या हातात देतो, मग जिंकलेल्या.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जे हत्यार समोरच्याच्या हातात हसत देता येत नाही, ते आपल्याही हातात धरू नये.