सगुणाबाईच्या गाईचे शिंग

श्रीधोंडीनाथ महाराज हिवरदरीला आले, तेव्हा गावाने त्यांना मारुतीच्या देवळातली ओवरी देऊ केली. महाराजांनी ती घेतली नाही. गावाबाहेर चुकार गुरे डांबायचा एक कोंडवाडा ओस पडला होता, तिथे ते जाऊन बसले ते कायमचे. लोक दर्शनाला येत, कुणी पुत्र मागे, कुणी पद मागे, आणि महाराज मात्र एखाद्या बैलाची खांद्यावरची जखम धूत बसलेले असत. "जरा थांबा," ते म्हणत, "तुम्हाला सांगता येतं, याला येत नाही. याचं आधी बघतो." भल्याभल्यांना तिथे शेणात उभे राहून ताटकळावे लागे. भाविकहो, खरे सांगायचे तर आम्हाला हे ऐकून फार बरे वाटते.

त्या गावच्या उपाध्यांच्या घरात सगुणाबाई नावाची थोरली सून होती. लग्नाला पुरते वर्षही झाले नव्हते, तोच नवरा गेला आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिचे केशवपन झाले. उरलेले आयुष्य लाल आलवणात आणि गोठ्यालगतच्या खोलीत. घर माणसांनी भरलेले, पण तिच्याशी बोलणे कामापुरते. सकाळी आपले तोंड कुणाला दिसू नये म्हणून ती उजाडायच्या आत पाणी भरून घेई. असे एकटेपण देव वैऱ्यालाही न देवो. तिची म्हणावी अशी एक पांढरी गाय होती, ढवळी. सगुणाबाई येताना दिसली की ढवळी दाव्याला ताण देऊन मान वळवी. दिवसभरात तिची वाट पाहणारे तेवढेच एक होते.

भाद्रपदात एके दिवशी रानात गुरे बुजली, आणि ढवळीचे शिंग बाभळीच्या बेचक्यात अडकून मोडले. वरची खोळ निघाली, आतला कोंब रक्ताने माखला. सगुणाबाई तिला कोंडवाड्यात घेऊन आली. महाराजांनी कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुतली, हळद भरली आणि आपले उपरणे फाडून पट्टी बांधली. पण दुसऱ्या दिवशी पाहतात तो कापड वाळून जखमेला धरलेले. ते सोडवताना खपली निघाली आणि पुन्हा रक्त आले. माश्या घोंगावू लागल्या.

महाराज म्हणाले, "कापड चालायचं नाही, बाई. इथं केस बांधायला हवेत. बाईमाणसाचे लांब केस, करंजाच्या तेलात भिजवलेले. ते जखमेला चिकटत नाहीत, तेल धरून ठेवतात आणि माशी बसू देत नाहीत. शिंग आतून पोकळ असतं. उद्यापर्यंत झाकलं नाही तर अळ्या पडतील आणि त्या डोक्यात उतरतील. मग गाय हाती लागायची नाही."

महाराजांचे डोके तुळतुळीत आणि सगुणाबाईचेही. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि ती निमूटपणे गावाकडे वळली.

केस विंचरताना निघालेले गुंतवळ त्या काळी प्रत्येक बाई कोनाड्यात जपून ठेवी. ते भलत्याच्या हाती पडले तर करणी होते, अशी समजूत होती. तेव्हा सगुणाबाईसारखीने गुंतवळ मागितल्यावर काय झाले असेल, ते सांगायला नको. एकीने कडी लावून घेतली. एकीने मूल पदराआड घेतले. सोनाराची सून तेवढी हळूच म्हणाली, "काकू, मी दिलं असतं हो, पण सासूबाई मला घरात उभं राहू देणार नाहीत." त्या पोरीला आशीर्वाद देऊन सगुणाबाई पुढे गेली.

शेवटी ती आपल्याच घराच्या अंगणात आली. तिची धाकटी जाऊ चंद्राबाई शिकेकाईने न्हाऊन उन्हात केस वाळवत बसली होती. गुडघ्याशी लोळणारे काळेभोर, सरळ केस, आणि त्यांचा तोरा केसांहून लांब. शेजारणी भोवती बसल्या होत्या. सगुणाबाईने अंतरावरूनच मागणे सांगितले.

चंद्राबाई म्हणाली, "एवढी नड आहे तर आपलेच बांधा की, जाऊबाई."

शेजारणींनी तोंडाला पदर लावले.

"आणि त्या तुमच्या महाराजांना सांगा," चंद्राबाई पुढे म्हणाली, "गुरांची मलमपट्टी केली म्हणून कुणी संत होत नाही."

सगुणाबाई रिकाम्या हातांनी कोंडवाड्यात परतली. महाराजांनी विचारले, "काय म्हणाली मंडळी?" तिने सांगायचे टाळले, पण महाराज पुन्हा पुन्हा विचारत राहिले. तेव्हा जाऊ काय म्हणाली ते तिने खाली मान घालून सांगितले.

महाराजांनी ढवळीच्या जखमेवरची माशी हाकलली. मग म्हणाले, "बरोबर बोलली. तुमचेच लागतील."

सगुणाबाईला वाटले, आता महाराजही थट्टा करू लागले, तर जगात आपले म्हणायला राहिले कोण? महाराजांनी अंगारा दिला नाही की डोक्यावर हात ठेवला नाही. गाईपाशी बसा, माश्या हाकला, एवढेच सांगितले. ती ढवळीला घेऊन गोठ्यात आली आणि पदराने वारा घालत बसली. रडू येत होते, पण रडताना हात थांबत होता, म्हणून तिने रडणेही आवरले.

पहाटे तिचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा मानेवर काहीतरी जड पडले होते. दावे सुटून अंगावर आले असेल, असे समजून तिने ते ओढले, तो कळ डोक्यातून आली. तिने आलवणाचा पदर मागे सारला. कमरेपर्यंत केस होते. तांबूस आणि कुरळे, लग्नात होते तसेच.

ती तशीच बसून राहिली. दोन्ही हातांनी ते केस पुढे घेतले, गालाला लावले, त्यांचा वास घेतला. आरसा नव्हता, फणी नव्हती, दाखवायला कुणी नव्हते. क्षणभर तिला वाटले, दार लावून घ्यावे आणि हे कुणालाच देऊ नये. भाविकहो, तिला असे वाटले यात काडीचे पाप नाही. तेवढ्यात ढवळीने वेदनेने डोके झटकले. सगुणाबाई उठली, विळी आणली, आणि पात्यावर धरून ते केस मुळापासून कापले. डोक्यावरून हात फिरवला तर ते कालच्यासारखेच गुळगुळीत. केस तेलात भिजवून तिने एक वेढा मोडक्या शिंगाला आणि एक धड शिंगाला असा मधून तिढा देत पट्टी आवळली आणि गाय महाराजांना दाखवायला नेली.

मागोमाग चंद्राबाई आलीच, शेजारणींना घेऊन. "माझं गुंतवळ चोरलंय हिनं," ती म्हणाली. "कोनाड्यातलं. नाहीतर हिला कोण देणार?"

महाराज म्हणाले, "तुमचं असेल तर सोडून न्या."

चंद्राबाई तरातरा पुढे झाली. पट्टीचे टोक तिने बोटांत धरले आणि ती जागीच थिजली. तिचे स्वतःचे केस सरळ होते. हे तर तेलातही कुरळेच होते, आणि उन्हात त्यांचा तांबूस रंग लपत नव्हता. ती नवी नवरी असताना याच केसांची वेणी घालायला तिला आवडे. आणि केशवपनाच्या दिवशी ते अंगणातून सुपात भरून नदीवर टाकायला सासूने तिलाच पाठवले होते. वाटेत ती रडली होती. पुढे तेही विसरली होती. तिने पट्टी किंचित सरकवून पाहिली. आत जखम कोरडी होती आणि एकही अळी नव्हती.

चंद्राबाई महाराजांच्या पायांवर पडली. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नको," ते म्हणाले. "केस माझे नाहीत."

मग ती सगुणाबाईकडे वळली. सगुणाबाई घाबरून मागे सरली. "अगं, मला वाकू नये. तुला लेकरंबाळं आहेत." पण चंद्राबाईने भर लोकांत तिचे पाय घट्ट धरले आणि कपाळ टेकवले.

"आशीर्वाद द्या, जाऊबाई."

सवाशिणीला द्यायचा आशीर्वाद एकच. तो सगुणाबाईच्या तोंडून ऐकायला गावातली एकही बाई थांबली नसती. तिने महाराजांकडे पाहिले. महाराज ढवळीच्या शिंगावर तेल सोडत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"अखंड सौभाग्यवती हो," सगुणाबाई कशीबशी म्हणाली.

चंद्राबाईने डोके उचलले नाही. "ऐकू आलं नाही सगळ्यांना," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा."

सगुणाबाईने पुन्हा म्हटले.