दोन थोरले

पूर्वी वेत्रवतीच्या काठी राजा सुदंत राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या राणीच्या पोटी जुळ्यांपैकी एक होऊन जन्मला. आधी अरिंदम आला, मागाहून बोधिसत्त्व. राजवाड्याच्या हिशेबाने आधी आला तो थोरला. राणीच्या माहेरचा रिवाज उलटा होता. थोरला मागे राहून धाकट्याला वाट देतो, म्हणून मागाहून येईल तो थोरला, असे तिकडे मानत. बाप ज्याला धाकटा म्हणे त्याला आई थोरला म्हणे, आणि बिचारा बोधिसत्त्व दोन्ही हाकांना ओ देत वाढला.

मरताना राजा एवढेच बोलला, "गादी थोरल्याला द्या." उशाशी राणी होती, पायाशी अमात्य. राजाने कोणाकडे पाहून म्हटले, यावर त्या दोघांचे एकमत होईना. राजवाडा अरिंदमाच्या बाजूला गेला, राणीचे माहेर बोधिसत्त्वाच्या. आपण नक्की कोण, हे बोधिसत्त्वाला कधीच उमगले नव्हते. पण सगळे म्हणतात म्हणून त्यानेही चिलखत चढवले.

नदीकाठच्या माळावर सैन्ये भिडली आणि सगळा सावळागोंधळ झाला. दोन्हीकडे एकाच घराण्याचे निशाण, दोन्हीकडे एकच आरोळी, "थोरल्याचा जय असो." कोण कोणाचा, काही कळेना. एक भालाईत बोधिसत्त्वाच्या हत्तीपुढे येऊन मटकन खाली बसला.

"स्वामी, मी माझ्या भावालाच मारलं. तो आपल्याच बाजूचा होता. धुळीत ओळखू आला नाही, आणि आरोळी तर सगळ्यांची तीच."

बोधिसत्त्वाला आईचे बोल आठवले. थोरला वाट देतो, असे आई म्हणे, आणि आपण तर वाट अडवून बसलो आहोत. तो हत्तीवरून उतरला, शस्त्र टाकून अरिंदमापुढे गेला आणि म्हणाला, "दादा, गादी तू घे."

जन्मात प्रथमच त्याने दादा म्हटले होते. अरिंदम गडबडला.

"पण वाट तू दिलीस. म्हणजे आईच्या रिवाजाने थोरला तूच ठरलास. मग गादी कोणाची?"

"ते मलाही कळत नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "पण त्या भालाइताच्या भावाला खांदा द्यायचा आहे. तू पुढे लाग, मी मागे लागतो."

कथा संपवून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, एकाच दिवशी दीक्षा घेतलेल्या सोबत्याशी आज ज्येष्ठपणासाठी भांडणारा हा भिक्षू तेव्हाचा अरिंदम. त्या दोघांत मध्यस्थी करताना ज्या भिक्षूला रडू फुटले, तो तेव्हाचा भालाईत. मागून खांदा देणारा मीच होतो. दुसऱ्याला वाट देणे हेही दानच. त्या जन्मी मी दानपारमिता आचरली, आणि थोरला कोण हे मला अजूनही ठाऊक नाही."