विमानाची ट्रॉली

“पण बाबा, आता ह्या ट्रॉलीत कमी काय राहिलंय, तेवढं तरी सांगा!”

रणधीर साळुंख्याचा आवाज जरा चढला होता. सोमगिरीबाबा पठारावरच्या आपल्या मठीच्या ओट्यावर हरभरे निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली, ट्रॉलीकडं पाहिलं आणि पुन्हा हरभऱ्यात लक्ष घातलं.

कमी खरंच काही नव्हतं.

रणधीरनं कोंबड्यांच्या रिकाम्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं एक छोटं विमान बांधलं होतं. एका माणसाचं, मिटत्या पंखांचं. ते घाटातून या पठारावर आणायचं म्हणून ट्रॉलीही घरीच बांधली. पहिलीत धक्के फार बसायचे. दुसरीच्या उतरायच्या फळ्या फारच उभ्या होत्या. दोन्ही वेळा विमान वर आलं, आणि दोन्ही वेळा ट्रॉलीला नावं ठेवत रणधीर ते न उडवताच खाली घेऊन गेला.

ही तिसरी. जुन्या जीपचे स्प्रिंगचे पाटे लावलेले, चाल मऊ. मिटलेल्या पंखांना टेकायला कापसाच्या गाद्या. शेपटीला वेगळा पट्टा, चाकांना वेगळा. बाळंतिणीच्या खोलीतही एवढा बंदोबस्त नसतो.

“अख्ख्या घाटात एक ओरखडा नाही,” रणधीर म्हणाला. “भरलेला तांब्या ठेवला असता तर थेंब सांडला नसता. नारळ फोडा, बाबा.”

बाबा उठले. ट्रॉलीभोवती एक फेरी मारली. चाकांखाली लिंबं होती. मडगार्डावर कुंकवाची स्वस्तिकं. पुढच्या दांड्याला झेंडूचा हा एवढा हार.

“हार छान आहे. कुणाला घातलास?”

“ट्रॉलीला.”

“आणि ते वर बसलंय, त्याला?”

रणधीरनं विमानाकडं पाहिलं. त्याला साधं कुंकूही लागलेलं नव्हतं.

“चुकलंच,” तो पुटपुटला आणि हार काढायला वळला.

“राहू दे. नवऱ्याला विसरून घोड्याला हार घातलास. आता घोड्याचा कशाला ओरबाडतोस?”

रणधीरला हसू आलं नाही.

“ट्रॉलीत दोष नाही,” बाबा म्हणाले. “म्हणजे आज तुझी पंचाईत आहे.”

“पंचाईत कसली?”

“आज परत जाताना कुणाला नावं ठेवणार?”

…

तेवढ्यात दरीकडून वारा उठला. बाबांनी धोतराचा सोगा सावरला.

“पंख उघड.”

“ट्रॉलीवरच?”

“हं. पट्टे सोडू नकोस.”

विमानाचं नाक दरीकडंच होतं. रणधीरनं एक पंख उघडून खीळ बसवली, मग दुसरा. बाबांनी त्याचा हात धरला, त्याला खाली वाकवलं आणि त्याचा तळवा चाकावरच्या पाट्यांवर ठेवला.

वारा पंखांखाली शिरला. ओझ्यानं सपाट झालेले पाटे रणधीरच्या तळव्याखाली हळूहळू कमानीत येऊ लागले. पट्टे ताणले गेले. वारा पडला तसे पाटे दबले. पुन्हा वारा आला, पुन्हा उचलले. निजलेल्या गाईच्या पोटावर हात ठेवावा तसं लागत होतं.

रणधीरच्या अंगावर काटा आला. वारा पंखाला कसा उचलतो ते त्याला पाठ होतं. या पंखातली फळी न् फळी त्यानं घासली होती, कापड त्यानंच ताणून चिकटवलं होतं. तरी हे आपण केलेलं नाही, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

“बाबा… ह्याचं वजन कुठं जातंय?”

बाबांनी वाऱ्याला हात जोडले.

पाट्यांवरचा हात न काढता रणधीर म्हणाला, “मला भीती वाटते, बाबा. उडायला शिकलोय. परवानगी आलीय. पण आत बसलो की लगेच उतरावंसं वाटतं. म्हणून ट्रॉल्या बांधत बसलो.”

“केवढी आहे?”

“काय?”

“भीती.”

रणधीरनं इकडंतिकडं पाहिलं. मग ट्रॉलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

“एवढी असेल.”

“मग मावेल. हिच्यातच ठेवून जा. गाद्या आहेतच. मी बघतो तिच्याकडं.”

…

वारा मऊ झाला. पट्टे सुटले. विमान फळ्यांवरून खाली उतरलं. रणधीर आत बसला. पठारावरच्या मुरमाच्या पट्टीवर ते धावायला लागलं, दगडागोट्यांवरून उड्या मारायला लागलं, आणि मग उड्या थांबल्या. मागं उडणारी धूळही थांबली. सावली जमिनीवरून पळत राहिली आणि विमान तिला सोडून वर गेलं.

पठार संपलं. दरी आली. विमान दरीवर तसंच तरंगत राहिलं.

ते परत उतरलं तेव्हा रणधीरला शिरस्त्राण काढायचंही भान नव्हतं. तो धावतच आला. गाल ओले होते आणि तो हसत होता.

“बाबा! घारी माझ्या खाली होत्या, बाबा! खाली! आणि आवाज असून सगळं एवढं शांत…”

बाबा रिकाम्या ट्रॉलीत मांडी घालून बसले होते. एका हातानं कापसाची गादी हलके हलके थोपटत होते. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

“हळू बोल… आत्ताच डोळा लागलाय तिचा.”