थांब म्हटल्यावर

नवऱ्याचं घर सोडून महिना झाला, तरी हेमांगीची भीती जात नव्हती. म्हणून ती ब्राझिलियन जिउ-जित्सूचे, म्हणजे कुस्तीसारख्या स्वसंरक्षणाचे, क्लास बघत नाशिकभर फिरत होती.

एका क्लासात शिकवणाऱ्या दळवी सरांनी एका शिष्याला खाली दाबलं होतं. हार मानून तो गादीवर थापा मारत होता, तरी सर त्याचा हात पिरगाळतच होते.

"थाप मारली म्हणून मी सोडत नाही," ते ऐटीत हेमांगीला म्हणाले. "माणूस असाच कणखर होतो. कधीपासून येताय?"

"सर, थांब म्हटल्यावर न थांबणारा नवरा मी सात वर्षं सोसला," हेमांगी म्हणाली. "तो फीसुद्धा घेत नव्हता."

सरांची पकड सुटली. हेमांगी चपला घालून बाहेर पडली.

त्यानंतर बघितलेल्या दुसऱ्या क्लासात शिकवणाऱ्या बाईंनी तिचं मनगट धरलं. तिनं भीतभीत थाप मारली. बाईंनी लगेच सोडलं, तशी हेमांगी गादीवर बसून ढसाढसा रडली.